सँटियागोतलं ‘साउथलँड’: कॅथरीन डनहॅम यांच्या एका बॅलेचं प्रकरण

1951 सालच्या सुरुवातीला चिलीची राजधानी सँटियागो इथे अमेरिकेतल्या काळ्या नृत्यरचनाकार कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यसंस्थेनं ‘साउथलँड’ नावाचा दोन प्रवेशांचा बॅले रंगमंचावर आणला. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची झुंड एका निरपराध काळ्या शेतमजुराला झाडाला लटकावते, एवढंच त्याचं कथानक. प्रयोगानंतर काही दिवसांतच संस्थेला चिली सोडावं लागलं. दोन वर्षांनी, जानेवारी 1953 मध्ये, पॅरिसच्या पॅले द शायो नाट्यगृहात तो पुन्हा झाला. त्यानंतर डनहॅम यांनी तो परत कधीच केला नाही.

हा बॅले पडला नव्हता. सँटियागोत लोक प्रेक्षागृहात रडले होते. तो थांबवला गेला, आणि थांबवणं सोपं गेलं, कारण संस्थेचा सगळा डोलारा रोजच्या गल्ल्यावर उभा होता. रचना इतकी पक्की आणि तिच्याखालची जमीन इतकी भुसभुशीत, असं हे प्रकरण आहे.

त्याआधीची वाट

डनहॅम यांचा जन्म 22 जून 1909 चा. शिकागो विद्यापीठात त्यांनी मानवशास्त्राचं शिक्षण घेतलं. रॉबर्ट रेडफील्ड यांच्या शिकवणीतून त्यांना कळलं की नृत्य हा त्या त्या समाजाच्या जगण्याचा भाग असतो आणि त्याचा अभ्यास तसाच करायला हवा. रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाल्यावर मेल्विल हर्स्कोविट्स यांच्याकडे तयारी करून 1935 मध्ये त्या कॅरिबियन बेटांवर गेल्या. जमैकात अकॉम्पॉंग इथल्या मरून लोकांमध्ये (पळून स्वतंत्र झालेल्या गुलामांच्या वंशजांमध्ये), मग मार्टिनिक, त्रिनिदाद आणि सर्वांत जास्त काळ हैतीत राहिल्या. कोण कुठल्या प्रसंगी नाचतं, कशासाठी नाचतं, नाचून झाल्यावर त्या माणसाचं गावातलं स्थान काय होतं, असे प्रश्न त्यांच्या वहीत होते.

त्यातून मिळालेलं शास्त्र पुढे ‘डनहॅम तंत्र’ म्हणून शिकवलं जाऊ लागलं. गुडघे सैल वाकलेले, तळपाय जमिनीला चिकटलेले, पाठीचा कणा लवचिक. मान, खांदे, बरगड्या, कंबर हे भाग एकेकटे वेगवेगळ्या ठेक्यांवर हलवायचे. वर्गात ढोल प्रत्यक्ष वाजवले जायचे. आधी श्वास, मग दांडीचा सराव, मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीनं जाणाऱ्या चाली. नवशिका इथे हमखास एक चूक करतो: कंबर वेगळी हलवताना खांदेही सोबत हलू देतो. मग दोन ठेके एकाच शरीरात वेगळे दिसत नाहीत आणि सगळा नाच नुसता झुलण्यासारखा होतो. ‘साउथलँड’ची कित्येक दृश्यं याच वेगळेपणावर उभी आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

1938 मध्ये शिकागोत ‘लाग्या’ हा मार्टिनिकच्या झुंजनृत्यावर बेतलेला बॅले झाला. 1940 मध्ये ब्रॉडवेवर ‘केबिन इन द स्काय’ मध्ये त्यांनी जॉर्जिया ब्राउनची भूमिका केली. त्यातल्या नृत्यांवर जॉर्ज बॅलन्शिन यांच्यासोबत त्यांचाही हात होता. 1943 मध्ये ‘स्टॉर्मी वेदर’ हा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी सोल ह्यूरॉक या ठेकेदारानं ‘ट्रॉपिकल रिव्ह्यू’ हा त्यांचा नृत्यांचा कार्यक्रम न्यूयॉर्कला लावला. उदयशंकर यांना अमेरिकेत फिरवणारे ह्यूरॉक ते हेच. दोन आठवड्यांचा ठरलेला खेळ लोकांच्या मागणीमुळे कितीतरी लांबला.

विरोध तेव्हापासून सोबत होता. 1944 मध्ये बोस्टनच्या सेन्सॉरनं ‘रीत द पासाज’ हे त्यांचं नृत्य पहिल्याच प्रयोगानंतर बंद पाडलं. त्याच वर्षी केंटकीतल्या लुइव्हिल शहरात काळ्या प्रेक्षकांना वेगळं बसवलेलं पाहून डनहॅम यांनी खेळ संपल्यावर रंगमंचावरूनच सांगितलं की आमच्यासारखी माणसं तुमच्या शेजारी बसू शकत नाहीत तोवर आम्ही इथे परत येणार नाही. 1950 च्या जुलैत ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या एस्प्लनाडा हॉटेलनं त्यांना जागा नाकारली. त्यावरून इतका गदारोळ झाला की 3 जुलै 1951 रोजी तिथे वंशभेदाला गुन्हा ठरवणारा आफोन्सो आरिनोस कायदा आला. म्हणजे ‘साउथलँड’ हा अचानक आलेला झटका नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या त्याच दौऱ्यात, हॉटेलच्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी, तो उभा राहिला.

रचना कशी बांधली होती

मागणी चिलीच्या सिम्फनी वाद्यवृंदाकडून आली होती. संगीत दीनो दी स्टेफानो यांचं, नेपथ्य आणि वेशभूषा डनहॅम यांचे पती जॉन प्रॅट यांची. सुरुवातीला डनहॅम स्वतः स्पॅनिशमध्ये निवेदन करत. त्याचा आशय असा होता की ही कुठल्याही एका प्रत्यक्ष घडलेल्या झुंडबळीची गोष्ट नाही, तरी ती अशा प्रत्येक घटनेची आहे. परक्या भाषेतल्या प्रेक्षकाला हे आधी सांगणं गरजेचं होतं, नाहीतर पहिली दहा मिनिटं त्यानं नेहमीचा आनंदाचा खेळ म्हणून पाहिली असती.

कारण सुरुवात खरोखर तशीच दिसते. मागे खांबांचा मोठा वाडा, पुढे मॅग्नोलियाचं झाड, वाड्यासमोर गाणाऱ्यांचा ताफा दक्षिणेची गोड गोड गाणी म्हणतो आहे. शेतमजूर येतात, मांड्या-छातीवर थापा मारत जूबा नाचतात. डनहॅम यांच्या नेहमीच्या कार्यक्रमाचे तीन भाग असत: पहिल्यात बेटांवरचे आणि विधींचे नाच, मधे ‘लाग्या’सारखा कथात्मक बॅले, शेवटी अमेरिकेतले मळ्यांवरचे आणि जॅझचे नाच. प्रेक्षक ज्याची वाट पाहत बसायचा तोच तिसऱ्या भागातला माल इथे पहिल्या दहा मिनिटांत वापरला आहे, आणि मग त्याच पावलांखालची जमीन काढून घेतली आहे. सगळ्या रचनेतला सर्वांत धारदार निर्णय हाच, असं आमचं मत आहे. नवं काहीच शोधलं नाही. लोकांना आवडणारी गोष्टच उलटी धरली.

मग रिचर्ड आणि लूसी या काळ्या जोडप्याचं प्रेमाचं द्वंद्वनृत्य. रिकार्डो आव्हालोस आणि लूसील एलिस यांनी ते केलं. त्यांच्या पाठोपाठ एक गोरं जोडपं दारूच्या नशेत येतं. पुरुष बाईला मारतो आणि झाडाखाली बेशुद्ध टाकून निघून जातो. मजुरांना ती सापडते. बाकीचे घाबरून मागे सरतात, कारण गोऱ्या बाईजवळ सापडणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. रिचर्ड एकटा मदतीला वाकतो. ती शुद्धीवर येते, सभोवती काळे चेहरे पाहते आणि मार खाल्ल्याची लाज झाकायला त्याच्याकडे बोट दाखवून काळ्यांना दिली जाणारी ती वंशद्वेषी शिवी उच्चारते.

यापुढे जी झुंड येते ती रंगमंचावर कधीच येत नाही. बाई रिकाम्या विंगेकडे पाहून तिला बोलावते, चिथवते, स्वतःचेच लांब केस गळ्याभोवती फासासारखे गुंडाळते. रिचर्डला ओढून नेलं जातं आणि थोड्या वेळानं त्याचं शरीर झाडाला लटकलेलं दिसतं. ती बाई त्याच्या कपड्याचा तुकडा आठवण म्हणून फाडून घेते आणि जाताना लूसीसमोर येते. लूसीच्या शोकनृत्यावर ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणं गायलं जातं, बिली हॉलिडे यांनी 1939 मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं तेच.

न दिसणारी झुंड उभी करणं हे कसबाचं काम आहे आणि ते बहुधा एकाच ठिकाणी बिघडतं: नजरेत. मंचावरच्या प्रत्येकानं विंगेतल्या एकाच जागी, एकाच उंचीवर पाहायला हवं. झुंड जवळ येते तशी ती जागा पुढे सरकत आली पाहिजे, आणि हे सरकणं तालमीत मात्रा मोजून ठरवावं लागतं. चौघं इकडे आणि तिघं तिकडे पाहू लागले की झुंड विरघळते आणि प्रेक्षकाला वाटतं, ही माणसं उगाच घाबरली आहेत. दुसरी चूक म्हणजे चिथावणाऱ्या बाईनं प्रेक्षकाकडे तोंड करून नाचणं. तिचं सगळं नाचणं विंगेसाठी असायला हवं. प्रेक्षकाला तिची बाजू आणि पाठ पुरते.

लटकण्याच्या दृश्याबद्दल, आज कुणी हे करणार असेल तर: फास मानेवर भार घेणारा कधीच नसावा. भार मांड्या आणि कंबरेच्या पट्ट्यावर, पट्टा कपड्यांखाली, वरचा दोर पाठीमागून. गळ्यातली दोरी ओढ बसताच सुटेल अशा गाठीची. नर्तक तिथे जास्त वेळ राहू शकत नाही. पाय सुन्न व्हायला लागतात, म्हणून पुढचं शोकनृत्य किती लांब असावं हे पट्टाही ठरवतो. प्रत्येक प्रयोगाआधी भार टाकून चाचणी, आणि दोर सांभाळणारा माणूस दुसऱ्या कामाला नाही.

गाणारा ताफा पहिल्या प्रवेशात पोवाड्यातल्या झीलकऱ्यांसारखा मंचावरच राहतो. सुरुवातीला ज्या गळ्यांतून मळ्याची गोड गाणी येतात, त्याच गळ्यांतून पुढे शोक येतो. माणसं बदलली असती तर हा परिणाम साधला नसता.

दुसरा प्रवेश न्यू ऑर्लिन्समधल्या बेसिन स्ट्रीटवरच्या कॅफेतला. धूर, पत्ते खेळणारे, एकमेकांना चिकटून हळू नाचणारी जोडपी, एक आंधळा भिकारी. बाहेरून अंत्ययात्रा येते आणि मधूनच निघून जाते. कॅफेतल्या माणसांना काय झालं ते नक्की कळत नाही, पण प्रत्येकाच्या हालचालीत काहीतरी अडखळतं. एक माणूस चाकू उघडून खुपसत राहतो, आणि आंधळा तेवढा उठून, बाकीच्यांना न दिसणारं काही दिसल्यासारखा, प्रेताच्या मागे जातो. इथे न्याय नाही, सूडही नाही. कित्येक जण पहिल्या प्रवेशाबद्दलच बोलतात. आमच्या मते दुसरा प्रवेश अधिक अवघड आणि अधिक मोठा आहे. हैतीत डनहॅम जे पाहत होत्या, म्हणजे एखाद्या मृत्यूचं वस्तीच्या शरीरात काय होतं, तेच त्यांनी इथे स्वतःच्या देशाबद्दल केलं आहे.

तालमीतली अडचण

संस्थेत त्या वेळी एकच गोरी नर्तकी होती, जूली रॉबिन्सन (पुढे हॅरी बेलाफॉन्टे यांच्याशी लग्न झाल्यावर जूली बेलाफॉन्टे). खोटा आळ घेणाऱ्या बाईचं काम तिच्याकडे आलं. तिचा गोरा साथीदार मात्र लेनवूड मॉरिस या काळ्या नर्तकानं चेहरा रंगवून उभा केला. रोज संध्याकाळी आपल्याच सोबत्यांना ती शिवी द्यायची, त्यांना मारायला लोक बोलवायचे, आणि रात्री त्याच लोकांसोबत जेवायचं, हे तिला झेपणं सोपं नव्हतं.

बाकीच्यांचीही नाराजी होती, आणि ती समजून घेतली पाहिजे. परदेश दौरा म्हणजे या काळ्या कलावंतांसाठी अमेरिकेतल्या रोजच्या अपमानापासून मिळालेली सुटका होती. पॅरिसमध्ये, लंडनमध्ये त्या वागणुकीचा थोडा विसर पडत असे. ‘साउथलँड’नं तो विसर रोज आठ वाजता मोडायला सुरुवात केली. गोऱ्या आणि काळ्या कलावंतांमध्ये जो एकोपा होता त्याला तडे गेले. दिग्दर्शक म्हणून डनहॅम यांनी इथे फार मोठी रक्कम पणाला लावली, आणि ती पैशांची नव्हती. कठीण विषयाची तालीम करताना काम संपल्यावर माणसांना भूमिकेतून बाहेर काढायची एखादी ठरलेली रीत हवी. आज अनेक संस्था ती पाळतात. पुढच्या गाडीची वेळ गाठणाऱ्या फिरत्या संस्थेला त्या काळी तेवढी उसंत नव्हती.

दबाव नेमका कुठून लागला

काळ लक्षात घ्या. 1950 मध्ये काळे गायक-अभिनेते पॉल रोबसन यांचा पासपोर्ट रद्द झाला होता. कोरियात युद्ध सुरू होतं. अमेरिकेत काळ्यांवर होणारा अन्याय ही सोव्हिएत प्रचाराची आवडती सामग्री होती आणि अमेरिकन परराष्ट्र खातं त्यावर फार हळवं झालं होतं. चिलीत तेव्हा क्लॉड बॉवर्स राजदूत होते. अमेरिकन यादवीनंतरच्या काळावर गोऱ्या दक्षिणेची बाजू घेणारा इतिहास लिहून गाजलेले हे गृहस्थ. अमेरिकन दूतावासाला ‘साउथलँड’ नको होतं.

रंगमंचावर कुणी चढून बंदी घातली नाही. डनहॅम पुढे सांगत असत की वृत्तपत्रांना लागणारा कागद अमेरिकेतून येत होता, तो थांबेल असा इशारा दिला गेला, आणि मग कम्युनिस्ट पक्षाच्या पत्राखेरीज कुणी परीक्षण छापलं नाही. फिरत्या संस्थेला यापेक्षा जास्त लागणारा घाव शोधून सापडणार नाही. पुढच्या शहरातला ठेकेदार संस्था बोलावतो ती मागच्या शहरातल्या कात्रणांवर. कात्रणं नाहीत म्हणजे त्याच्यासाठी तो खेळ झालाच नाही. आणि एकुलतं एक कात्रण कम्युनिस्ट पत्राचं असेल, तर 1951 साली ते दाखवण्यापेक्षा लपवलेलं बरं.

दुसरी बाजू पैशाची. ‘लाग्या’ सरकारी फेडरल थिएटर योजनेतून झाला होता, पण परदेश दौऱ्यांसाठी संस्थेला अमेरिकन सरकारनं कधी आधार दिला नाही. नर्तक, गायक, ढोलवादक, पेट्या भरभरून वेश आणि नेपथ्य, प्रत्येक शहरात नव्या वाद्यवृंदासोबत तालमी. पगार सातही दिवस चालतो, गल्ला फक्त खेळ असेल तेव्हाच. एखादा आठवडा रिकामा गेला की मागच्या शहरातली कमाई त्यात जाते. एका देशातलं चलन दुसऱ्या देशात सहज चालत नाही, त्यामुळे शिल्लक राहिली तरी ती सोबत नेता येईलच असं नाही. न्यूयॉर्कमधली डनहॅम यांची शाळाही, जिथे अर्था किट आणि मार्लन ब्रॅंडो शिकून गेले, याच कमाईकडे डोळे लावून होती. अशा संस्थेला बंद पाडायला हुकूम लागत नाही. व्हिसाचा कागद दोन दिवस उशिरा आला, एखादा स्वागतसमारंभ रद्द झाला, एखाद्या ठेकेदारानं अंग काढून घेतलं, एवढं पुरतं.

तरीही 1953 मध्ये डनहॅम यांनी पॅरिसला ‘साउथलँड’ लावला. आम्हाला त्यांचा हा निर्णय सँटियागोच्या निर्णयाहून धाडसाचा वाटतो, कारण आता काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. पॅरिसमध्ये कौतुकही झालं आणि नाराजीही. ज्यांना त्यांच्याकडून उष्ण बेटांचे रंग आणि ठेके हवे होते, त्यांना हा जळजळीत विषय रुचला नाही. इथे दूतावासाचा दोष नाही. दहा वर्षं जाहिरातीतून ‘ट्रॉपिकल’ हा शब्द विकला गेला होता, आणि प्रेक्षक तोच विकत घ्यायला आला होता.

1954 मध्ये अमेरिकन सरकारनं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या खास निधीतून नृत्यसंस्था परदेशी पाठवायला सुरुवात केली. पहिली निवड होजे लिमोन यांच्या संस्थेची झाली, आणि तिला पाठवलं दक्षिण अमेरिकेतच. डनहॅम यांची संस्था त्या मुलखात स्वतःच्या बळावर आधीच फिरून आली होती. कित्येक देशांत लोकांनी अमेरिकन नृत्य म्हणून पाहिलं ते त्यांचंच. त्यांना त्या निधीतला दौरा कधी मिळाला नाही. 1960 मध्ये संस्था व्हिएन्नात पैशाविना अडकली. डनहॅम यांनी जर्मन दूरदर्शनसाठी एक कार्यक्रम मिळवला आणि त्याच्या पैशातून वेळ निभावून नेली. तो मोठा दौरा तिथेच संपला.

त्यांचं काम मात्र थांबलं नाही. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातल्या ‘आईदा’ची नृत्यं त्यांनी बसवली. ज्या परराष्ट्र खात्यानं पाठ फिरवली होती त्यानंच 1966 च्या डकारमधल्या कृष्णवर्णीय कलांच्या जागतिक महोत्सवासाठी त्यांना सल्लागार नेमलं. 1972 मध्ये अटलांटात स्कॉट जॉप्लिन यांच्या ‘ट्रीमोनिशा’ या ऑपेराचा पहिला पूर्ण प्रयोग त्यांनी दिग्दर्शित केला. 1992 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याविरुद्ध त्यांनी 47 दिवस उपोषण केलं.

पुन्हा उभं करताना

दोनच शहरांत झालेली नृत्यरचना ही नाचणाऱ्यांच्या शरीरातच साठवलेली असते. ‘लाग्या’ किंवा ‘शँगो’ या त्यांच्या रचना शेकडो वेळा झाल्या, पिढ्या बदलल्या तरी पावलं एकाकडून दुसऱ्याकडे गेली. ‘साउथलँड’ला ती साखळी मिळालीच नाही. वेशाची चित्रं, संगीताच्या प्रती, निवेदनाची संहिता यांवरून दृश्यांचा क्रम कळतो, पण झुंडीकडे पाहणारी नजर कितव्या मात्रेला सरकते ते कुठल्याच कागदावर नसतं. ते नाचलेल्या माणसालाच विचारावं लागतं, आणि अशी माणसं दरवर्षी कमी होत जातात. आज कुणी वादग्रस्त रचना करत असेल तर दुसरा प्रयोग होईल की नाही याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात सगळं नोंदवून ठेवावं: मंचावरच्या जागांचे नकाशे, मात्रांसह नजरांच्या दिशा, प्रकाशाच्या खुणा, दोराच्या गाठी.

2012 मध्ये डेन्व्हर इथल्या क्लियो पार्कर रॉबिन्सन यांच्या नृत्यसंस्थेनं ‘साउथलँड’ पुन्हा उभं केलं. पॅरिसच्या प्रयोगाला तेव्हा 59 वर्षं झाली होती, आणि कॅथरीन डनहॅम यांना जाऊन सहा.